आमच्या घरातला डेलिगेट

हिराबागेच्या सिग्नलला गाडी थांबली की हल्ली मला एकट्यालाच हसू येतं, मागे बसलेल्या बायकोला वाटतं याचं काहीतरी बिघडलंय. कारण सांगतो. १८८५ च्या मार्चमध्ये एक परिपत्रक निघालं होतं, की डिसेंबरच्या २५ ते ३१ तारखेला पुण्यात देशभरातल्या पुढाऱ्यांची परिषद भरवायची, जागा पर्वतीजवळची पेशव्यांची बाग, म्हणजे हेच आपलं हिराबाग. आणि त्यात डेलिगेट मंडळींसाठी स्पष्ट लिहिलंय की पुण्यापर्यंत तुमचे तुम्ही या, पण एकदा पुणे स्टेशनवर उतरलात की परत रेल्वेत बसेपर्यंत गाडीघोडा, राहणं, जेवणखाण सगळं मोफत, खर्च पुण्यातली 'सार्वजनिक सभा' ही संस्था करणार. आठवडाभर. पुण्यात. मी मूळचा भुसावळचा, पंधरा वर्षं झाली इथे राहतोय, तरी हे वाचल्यावर परत एकदा वरून वाचलं.

पुण्याला तो खर्च पडलाच नाही शेवटी. ऐनवेळी शहरात कॉलऱ्याच्या केसेस निघाल्या आणि सगळा बाडबिस्तरा मुंबईला हलला, गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात. २८ डिसेंबरला ७२ डेलिगेट जमले, व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले आणि ती काँग्रेसची सुरुवात. शाळेत आपण एवढंच शिकतो, ७२ प्रतिनिधी, एक मार्क.

मला या भानगडीत पडायचं कारण वेगळंच होतं. आमच्या घरात एक ठरलेलं वाक्य आहे, लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठेही चार माणसं जमली की मोठे काका ते टाकतातच, की 'आमचे आजोबा फैजपूर काँग्रेसला डेलिगेट होते'. फैजपूर काँग्रेस म्हणजे १९३६ ला खानदेशात फैजपूरला भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन, आणि आजोबा म्हणजे माझे पणजोबा. सावद्याच्या बाजूला आमची शेती होती, फैजपूर तिथून अगदी जवळ, त्यामुळे लहानपणापासून मी ते गृहीतच धरलं होतं. दोन वर्षांपूर्वी लॉकर साफ करावं तसं एकदा डोकं साफ करायला बसलो आणि विचार आला की डेलिगेट म्हणजे नेमकं काय? कोण करायचं डेलिगेट? अर्ज करायचा का, निवडणूक व्हायची, का शेटजींनी सांगितलं की झालं? मग वाचत गेलो. नोकरी सांभाळून रात्री वाचायचं म्हणजे दोन वर्षं गेली, आणि जे कळलं ते काकांना आवडणारं नाहीये, पण ते शेवटी सांगतो.

तर ते ७२ जण. त्यांना कोणी निवडून दिलं होतं? सरळ उत्तर म्हणजे बहुतेकांना कोणीच नाही. त्या परिपत्रकातच अट होती की डेलिगेट म्हणजे इंग्रजी भाषा चांगली अवगत असलेले पुढारी. झालं, तिथेच जवळजवळ अख्खा देश बाहेर. वकील, संपादक, शिक्षक, व्यापारी, आणि त्यातही अर्ध्याच्या वर आपल्या मुंबई इलाख्यातले. बंगालमधून तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण नेमक्या त्याच दिवसांत सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी कलकत्त्यात स्वतःची वेगळी नॅशनल कॉन्फरन्स भरवली होती. रानडे हजर होते, पण सरकारी नोकर, त्यामुळे डेलिगेट म्हणून नाही, सल्ला द्यायला बसलेले. मला हे फार आवडलं, म्हणजे ज्या पुण्याच्या माणसांनी सगळी तयारी केली, त्यातला सगळ्यात मोठा माणूस कागदोपत्री पाहुणा.

पुढच्याच वर्षी कलकत्त्याला हा आकडा चारशेच्या वर गेला आणि आता गावोगाव सभा भरवून, संस्थांमध्ये ठराव करून माणसं पाठवायला लागले. १८८७ ला मद्रासला सहाशे, तिथे तंजावरहून आलेला एक कारागीर चक्क तमिळमध्ये बोलला. १८८८ ला अलाहाबादला बाराशे अठ्ठेचाळीस. आणि १८८९ ला परत मुंबई, आणि त्या १८८९ सालच्या अधिवेशनाला डेलिगेट किती, तर १८८९. मला वाटलं टायपिंग मिस्टेक असणार, पण नाही, खरोखर तेवढेच.

ते मुंबईचं अधिवेशन मला वाटतं सगळ्यात भारी, आणि त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. एकतर टिळक आणि गोखले दोघेही पहिल्यांदा काँग्रेसच्या व्यासपीठावर तिथेच आले, आणि कहर म्हणजे एकत्र आले. कायदे मंडळाची निवडणूक कशी असावी यावर टिळकांनी एक उपसूचना मांडली आणि तिला अनुमोदन कोणी दिलं तर गोखल्यांनी! ती फेटाळली गेली ती गोष्ट सोडा. पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या काही बायका तिथे डेलिगेट म्हणून बसल्या होत्या. बाईने व्यासपीठावरून बोलायला मात्र पुढचं साल उजाडलं, कलकत्त्याला, कादंबिनी गांगुली.

आणि त्याच मुंबईत मंडपाच्या दाराशी महात्मा फुल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवताचा भला मोठा शेतकऱ्याचा पुतळा उभा केला. आत १८८९ जण खुर्च्यांवर, आणि दारात गवताचा शेतकरी. त्याला बिल्ला नाही. फुल्यांचं म्हणणं काय होतं हे महाराष्ट्रात सांगायला नको, की शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे शिकून 'एकमय लोक' झाल्याशिवाय तुमच्या काँग्रेसला नॅशनल म्हणायचं कसं? नुसतं भाषण केलं असतं तर पेपरात चार ओळी आल्या असत्या आणि विसरले असते, पुतळा उभा केला म्हणून आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी मी लिहितोय.

त्या अधिवेशनात एक ठराव झाला, की गर्दी फार होतेय, आता दर दहा लाख लोकसंख्येमागे पाचच डेलिगेट. म्हणजे पहिल्यांदा कोणीतरी कागदावर मांडलं की एक डेलिगेट किती माणसांच्या वतीने बोलतो. दोन लाखांमागे एक. आता त्या दोन लाखांना कोणी विचारलं होतं का, तो भाग वेगळा.

इथून पुढे वाचताना माझं मत बनत गेलं ते असं की काँग्रेसमध्ये अध्यक्ष कोण, ठराव कुठला यावरून भांडणं झाली असं आपल्याला शिकवतात, पण खालून बघितलं तर बहुतेक वेळा भांडण एकच आहे, आत कोणाला घ्यायचं. म्हणजे डेलिगेट कोण. बाकी सगळं त्यावरून ठरतं. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीवरून गावात जी मारामारी होते ना, तीच ही, फक्त धोतर आणि पगडी घालून.

१८९५ चं पुणं घ्या. दहा वर्षांनी का होईना पुण्याला अधिवेशन मिळालं. त्याच साली टिळकांच्या गटाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतलेली, आणि सार्वजनिक सभा ही काय साधी संस्था नव्हती, डेलिगेट पाठवणारी संस्था होती. पाठोपाठ रानडे गोखले मंडळींनी डेक्कन सभा काढली. आणि त्या अधिवेशनात वाद कशावरून पेटला, तर काँग्रेस संपल्यावर त्याच मंडपात सामाजिक परिषद, म्हणजे समाजसुधारणावाल्यांची सभा, भरवायची का यावरून. दरवर्षीचा रिवाज होता तो, पण पुण्यात काहींनी मंडप जाळू अशी धमकी दिली. टिळक चिटणीसपद सोडून बाजूला झाले आणि रानड्यांनी शेवटी सामाजिक परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेली. मंडपावरून भांडण! माझी एक मैत्रीण म्हणाली, अजून गणपती मंडळांत हेच चालू आहे.

आता हे डेलिगेट लोक राहायचे कसे, खायचे काय, आंघोळीला पाणी कुठून, हे मी शोधत होतो कारण मला त्यातच जास्त रस, आणि ते इतिहासाच्या पुस्तकांत नसतं. सापडलं ते गांधींच्या आत्मकथेत. १९०१ ला ते दक्षिण आफ्रिकेतून आलेले, कलकत्त्याला डेलिगेट म्हणून गेले, रिपन कॉलेजात उतरले. स्वयंसेवकाला एक काम सांगितलं की तो दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला, आणि डेलिगेट बिचारा तिथेच. तमिळ डेलिगेटांसाठी चटयांच्या भिंतींची वेगळी बंदिस्त खोली, स्वयंपाक तिथेच, जेवण तिथेच, हात धुणं तिथेच, कारण दुसऱ्याची नजर जेवणावर पडली तर विटाळ. म्हणजे देश एक करायला आलेली माणसं आणि जेवताना मध्ये भिंत. आणि संडास तर विचारू नका, संख्या कमी, घाण प्रचंड, स्वयंसेवकाला दाखवलं तर म्हणाला ते भंग्याचं काम. गांधींनी झाडू मागितला, तो बघत राहिला, शेवटी स्वतःच शोधून आणला आणि स्वतःपुरतं साफ केलं. काही डेलिगेट रात्री खोलीबाहेरच्या व्हरांड्यातच उरकायचे म्हणे, सकाळी स्वयंसेवकांना दाखवलं तरी कोणी पुढे येईना. त्याच इमारतीत टिळक होते, बिछान्यावर बसलेले आणि भोवती दरबार भरलेला, मी चित्रकार असतो तर ते चित्र काढलं असतं असं गांधी लिहितात. मला हा सगळा भाग वाचताना कॉलेजचं होस्टेल आठवलं. तिथेही दरबार होता आणि तिथेही झाडू कोणी उचलत नसे.

सुरत १९०७ आपल्याला माहितीच आहे, निदान बुटापुरती तरी. मुळात अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, तिथल्या स्वागत समितीतच नेमस्त जहाल जुंपली म्हणून सुरतेला नेलं. तापीकाठी सोळाशेच्या वर डेलिगेट. २६ डिसेंबरला गोंधळात बैठक थांबवली, २७ ला टिळक व्यासपीठावर जाऊन बोलायला उभे राहिले, बोलू देईनात, आणि खालून एक बूट आला, सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. तिथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने तो बूट इतका नीट न्याहाळलाय, लाल चामड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला मराठी जोडा. बूट मराठी होता हे नक्की, फेकणारा हात कोणाचा यावर अजून वाद घालणारे लोक भेटतात. मग खुर्च्या, काठ्या, पोलीस.

पण बुटाच्या नादात पुढचं राहून जातं. दुसऱ्या दिवशी नेमस्तांनी वेगळी सभा घेतली, ध्येयपत्रावर सही करेल त्यालाच आत प्रवेश, आणि १९०८ मध्ये घटना केली की मान्यताप्राप्त संस्थांनी निवडलेलेच डेलिगेट चालतील. जाहीर सभेत हात वर करून निवडलेला माणूस आता डेलिगेट नाही. टिळकांचे लोक गावोगावच्या सभांवर जगणारे, त्यामुळे एका नियमाने पूर्ण बाहेर. बूट न फेकता. मला तर ही चाल बुटापेक्षा जोरात लागलेली वाटते. आठ वर्षं ते दार बंद राहिलं. गोखले गेले, मेहता गेले, मग १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला नियम सैल केला, पुन्हा जाहीर सभांना डेलिगेट निवडता येऊ लागले, आणि १९१६ ला लखनौला टिळक पुण्या-मुंबईकडच्या डेलिगेटांची स्पेशल ट्रेन घेऊनच गेले. स्पेशल ट्रेन! डोळ्यासमोर आणा, डबेच्या डबे पगड्या, वळकट्या, फिरकीचे तांबे, आणि स्टेशनास्टेशनावर हार. लखनौत पोरांनी घोडे सोडून टिळकांची बग्गी स्वतः ओढली.

मग नागपूर, १९२०. इथे आकडा ऐकून गार व्हाल, साडेचौदा हजारांच्या आसपास डेलिगेट. हो, डेलिगेट, प्रेक्षक धरलेले नाहीत. असहकाराचा ठराव पक्का करायचा होता आणि दोन्ही बाजूंनी माणसं आणली. चित्तरंजन दास तर विरोध करायला म्हणून अडीचशेच्या आसपास डेलिगेट बंगालहून स्वखर्चाने घेऊन आले, आणि नागपुरात बोलणी झाल्यावर असहकाराचा ठराव त्यांनीच मांडला. आता त्या अडीचशे जणांचं काय झालं असेल मनात? फुकटचं तिकीट, थंडीतला नागपूरचा प्रवास, 'नाही' म्हणायला आलेले आणि साहेब स्वतःच 'हो' म्हणून मोकळे. आपल्याकडे हल्ली रिसॉर्टमध्ये नेलेल्या आमदारांचे चेहरे टीव्हीवर दिसतात ना, तसेच दिसत असतील. जिना तिथेच 'मिस्टर गांधी' म्हणाले आणि मंडप उठला अंगावर, 'महात्मा' म्हणा म्हणून. त्यानंतर ते काँग्रेसमध्ये राहिले नाहीत.

नागपूरकरांनो, तुमचं काँग्रेसनगर म्हणजे हेच अधिवेशन बरं का. अधिवेशनाच्या तंबूंच्या वस्तीला असं नाव द्यायचे. अभ्यंकरनगर १९५९ चं, सहकारी शेतीचा ठराव झाला ते. फैजपूरला टिळकनगर होतं, हरिपुऱ्याला विठ्ठलनगर, भाजपचं पहिलं अधिवेशन १९८० ला वांद्रे रेक्लमेशनला भरलं त्याचं समतानगर. तंबू उठले, बांबू परत गेले, नागपुरात तेवढी नावं पत्त्यात राहिली, अमुक फ्लॅट, काँग्रेसनगर.

साडेचौदा हजारांची ती जत्रा बघूनच बहुतेक गांधींनी त्याच नागपुरात नवी घटना पास करून घेतली. चार आणे भरले की सभासद. आणि पन्नास हजार लोकसंख्येमागे एक डेलिगेट, म्हणजे देशभरात मिळून सहा हजारांच्या आसपास, पाहिजे तेवढे नाही. आणि प्रांत भाषेप्रमाणे. सरकारच्या नकाशात मुंबई इलाखा, मध्य प्रांत वगैरे असलं तरी काँग्रेसच्या कागदावर मराठी माणूस महाराष्ट्र, मुंबई शहर, नागपूर, वऱ्हाड अशा आपापल्या प्रांतांतून डेलिगेट व्हायला लागला. संयुक्त महाराष्ट्र होण्याच्या चाळीस वर्षं आधी. आणि इंग्रजी चांगली अवगत असावी ही अट गेली ती गेलीच. मला विचाराल तर एकतीस वर्षांनी तो गवताचा शेतकरी दारातून आत यायला लागला तो इथे, तोही वाकून, चार आणे मोजून.

१९३४ ला मुंबईत परत कात्री, एकूण डेलिगेट दोन हजारांच्या वर नकोत, त्यात १४८९ ग्रामीण आणि ५११ शहरी. १४८९! हे राऊंड फिगर का नाही केलं देव जाणे, पण तीन चतुर्थांश जागा खेड्यांना हा मुद्दा खरा. आणि दोन वर्षांनी अख्खं अधिवेशनच खेड्यात आणलं, आमच्या फैजपूरला.

इथे मी जरा थांबून लिहिणार, घरचं कार्य आहे.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६, काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन आणि खेड्यात भरलेलं पहिलं. पूर्व खानदेश, यावल तालुका. स्वागताध्यक्ष शंकरराव देव, स्थानिक सगळी उठाठेव धनाजी नाना चौधरींची, आणि साने गुरुजी गावोगाव हिंडून लोकांना गोळा करत होते. गांधींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं आणि सांगितलं की गावात मिळतं तेच वापरायचं, मग त्यांनी बांबू, चटया, टोपल्या, माती यातून सगळं नगर सजवलं. म्हात्रे म्हणून इंजिनियर होते बांधकामाला. नेहरू अध्यक्ष, त्यांना सजवलेल्या रथातून आणलं, सहा बैलजोड्या लावून. (पुढच्या अधिवेशनाला हरिपुऱ्यात सुभाषबाबूंच्या रथाला ५१ बैल झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्रिपुरीला ५२ हत्ती. आमच्या खानदेशाने बारा बैलांत भागवलं हे नोंद करून ठेवा.) मुंबईहून, जिथे पहिलं अधिवेशन झालं तिथून, ज्योत पेटवून माणसं पळत पळत फैजपूरपर्यंत घेऊन आली. झेंडा वर चढवताना मध्येच अडकला, ऐंशी फुटांचा खांब, सगळे वर बघत बसलेले, आणि शिरपूरकडचा एक तरुण सरसर चढून गेला आणि झेंडा मोकळा करून आला. आमच्याकडे अजून ही गोष्ट सांगताना म्हातारी माणसं हात वर करून खांबाची उंची दाखवतात.

माझी आजी तेव्हा सात आठ वर्षांची होती, तिचं माहेर त्याच पट्ट्यातलं. ती सांगायची की बैलगाड्यांची रांग रात्रीसुद्धा तुटत नव्हती, आणि तिच्या बापाने तिला खांद्यावर घेऊन नेहरू दाखवले, पण तिला दिसले ते बैल. शिंगांना काय काय बांधलं होतं ते तिला ऐंशीव्या वर्षीही पाठ होतं. नेहरू कसे होते विचारलं तर म्हणायची, 'गोरे'. संपलं. शेतसाऱ्याचा, कर्जाचा, शेतमजुरांचा जो कार्यक्रम फैजपूरला मंजूर झाला, ज्याला इतिहासात फैजपूर ठराव म्हणून मान आहे, त्याबद्दल आमच्या घरात मी एक शब्द कधी ऐकला नाही. बैल ऐकले.

तर मुद्दा असा की अख्ख्या देशात ग्रामीण डेलिगेट १४८९ ठरलेले. पुढे आकडा वाढला असेल, वाढलाच, कारण १९३९ ला त्रिपुरीच्या आधी अध्यक्षपदासाठी मतं पडली तेव्हा सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभी सीतारामय्यांना १३७७, म्हणजे मतं टाकणारेच तीन हजारांच्या जवळ. (ही निवडणूक म्हणजे डेलिगेट नावाच्या प्राण्याची सगळ्यात मोठी मर्दुमकी, गांधींना नको असलेला माणूस त्यांनी आपापल्या प्रांतात बसून निवडून दिला. पुढे त्रिपुरीत काय झालं आणि सुभाषबाबूंना राजीनामा का द्यावा लागला ते वेगळं.) पण तीन हजार धरा नाहीतर चार, एवढ्या मोठ्या देशाला वाटले तर आमच्या तालुक्याच्या वाट्याला किती येणार? आणि सावदा, फैजपूर, यावल, रावेर या भागात ज्या घरात जाल तिथे कोणीतरी सांगतं की आमचे आजोबा डेलिगेट होते. मी मोजले, फक्त आमच्या नात्यात अकरा.

मग मी आत्याला फोन लावला. सगळ्यात मोठी आत्या, नव्वदीला टेकलेली, कान कमी पण डोकं शाबूत. विचारलं, आजोबा खरंच डेलिगेट होते का गं? तिकडून बराच वेळ आवाज नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "डेलिगेट नव्हता रे भो, डेलिगेटच्या तंबूत होता." म्हणजे? म्हणजे पाणी भरायला. स्वयंसेवक. पहाटे उठून रांजण भरायचे, मंडळींना आंघोळीला पाणी द्यायचं, आणि संध्याकाळी दारावर उभं राहून बिल्ला बघून आत सोडायचं. एकदा एका बड्या माणसाला बिल्ला नाही म्हणून अडवलं होतं म्हणे आणि ते आत जाऊन तक्रार करून आले, तरी सोडलं नाही, शेवटी कोणीतरी बिल्ला आणून दिला. कोण होता तो माणूस, तर ते आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. चार आण्याची पावती मात्र होती त्यांच्याकडे, आत्याने लहानपणी पाहिलेली, पुढे उंदरांनी खाल्ली.

मला खरं सांगायचं तर वाईट वाटलंच नाही, उलट १९०१ चा तो स्वयंसेवक आठवला, जो काम पुढच्यावर ढकलायचा, आणि आमच्या माणसाने निदान रांजण तरी भरले.

त्यानंतरचं पटकन सांगतो, कारण डेलिगेटची गोष्ट स्वातंत्र्यानंतर विरत जाते. १९५० ला नाशिकचं अधिवेशन, त्याआधी अध्यक्षपदासाठी डेलिगेटांनी मतं टाकली, पुरुषोत्तमदास टंडन १३०६, आचार्य कृपलानी १०९२ आणि तिसरे आपले फैजपूरचे स्वागताध्यक्ष शंकरराव देव, त्यांना २०२. हे २०२ वाचून मला उगाच घरचा माणूस पडल्यासारखं झालं. एवढी अटीतटीची लढत पुढे बराच काळ नाही, अध्यक्ष दिल्लीत ठरायला लागले आणि डेलिगेट टाळ्यांपुरता. १९८५ ला शंभर वर्षं झाली म्हणून मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर अधिवेशन झालं, तिथे राजीव गांधींनी समोर बसलेल्यांनाच सुनावलं की पक्षात सत्तेचे दलाल माजलेत. समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग एकदम २०२२. काँग्रेस अध्यक्षाची निवडणूक लागली, नऊ हजारांच्या वर डेलिगेट मतदार, खर्गेंना ७८९७ आणि थरूरांना १०७२. पण मतदानाच्या आधी वाद कशावरून झाला आठवतंय का? थरूर, मनीष तिवारी वगैरे पाच खासदारांनी पत्र लिहिलं की डेलिगेट कोण आहेत त्याची यादी तरी दाखवा! यादी! म्हणजे १८८५ ला कोणी निवडलं ते माहीत नाही, १९०८ ला कोण चालणार यावर कुलूप, आणि २०२२ ला कोण आहेत तेच माहीत नाही. शेवटी उमेदवारांना कार्यालयात येऊन बघता येईल असं ठरलं, आणि डेलिगेटांना क्यूआर कोडवाली ओळखपत्रं दिली. पणजोबा दारावर असते तर स्कॅन झाल्याशिवाय सोडलं नसतं.

हे सगळं मी गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, जरा थोडक्यात, आत्याच्या परवानगीने. पहिले दोन तास निळ्या टिका आणि शांतता. मग चुलत बहिणीने हसणारी स्मायली टाकली आणि मोठे काका ग्रुप सोडून गेले. संध्याकाळी आत्याने नातवाकडून त्यांना परत ॲड करून घेतलं आणि खाली व्हॉइस नोट टाकली, की बिल्ला होता रे आपल्याकडे, पितळेचा होता, माझ्या हातात घेतलाय मी, त्याच्यावर काय लिहिलं होतं ते मात्र मला तेव्हा वाचता येत नव्हतं. काकांनी लगेच लिहिलं, 'बघा'.